केशनळी

शुक्रवारी संध्याकाळी, पाषाणच्या प्रयोगशाळेत,
मी दोन उभ्या नळ्या भरल्या.
एकीत ग्लिसरीन, पाणी घालत घालत बेताला आणलेलं.
दुसरीत जवळजवळ पाणीच,
शंभरात दोन भाग पॉलिमर,
पिठल्यात बेसन भुरभुरावं तसं भुरभुरलेलं.
घाई केली की गुठळ्या होतात, माशाच्या डोळ्यांसारख्या,
आणि मग रात्रभर ढवळलं तरी
त्या आपल्याकडे बघत राहतात.

पोलादी छर्रा दोन्हींत सोडला.
नऊ सेकंद.
नऊ सेकंद.
छर्‍याला विचाराल तर दोघी सारख्याच दाट.

मग लांब सुईने, श्वास धरून,
दोघींच्या तळाशी एकेक निळा थेंब ठेवला
आणि दाराला चिठ्ठी चिकटवली:
हलवू नये. बुधवारपर्यंत. – मृण्मयी घैसास

दाटपणा मोजायची माझी केशनळी
मुलाणीकाकांच्या हातची.
तळमजल्यावर, ज्योतीसमोर, एकतीस वर्षं
गाल फुगवून त्यांनी काचेला कोपर दिले, पोट दिलं, मान दिली.
माझ्या नळीच्या भिंतीत राईएवढा बुडबुडा राहून गेला.
"राहू दे मॅडम, सही समजा."
विरळ केलेलं द्रावण तिच्यातून
दोनशे चौदा सेकंदांत उतरतं. रोज. सहीसकट.

"आणि हे विसरण काय असतं?" त्यांनी एकदा विचारलं.
म्हटलं, रेणूचं आपोआप पसरत जाणं.
"हात्तिच्या! मला वाटलं विसरणं.
ते तर शिकावं लागत नाही.
काल डबा बसमध्ये, परवा चष्मा भट्टीवर."

पुस्तकातला नियम सरळ आहे:
दाटपणा दुप्पट, तर चाल निम्मी.
बुधवारी नळ्यांसमोर बसले.
ग्लिसरीनमधला थेंब होता तिथेच,
शिताएवढाही सरकलेला नाही.
पॉलिमरमधला दोन बोटं वर,
कडा पुसट, जणू साध्या पाण्यातच सोडला होता.

नियम खोटा नाही.
दाटपणा कोणाला विचारला, एवढंच.
छर्रा सगळं जाळं दाबत, ताणत खाली येतो;
निळ्याचा रेणू इतका बारका
की त्याच्या वाट्याला येतात फक्त जाळ्याची भोकं,
आणि भोकांत असतं पाणी.

अडकते ती साखळीच.
शेजारणींच्या वेढ्यात तिला आडवं होता येत नाही,
बिळातल्या धामणीसारखी
आपल्याच अंगाच्या वाटेने पुढे, मागे, थोडी पुढे.
लांबी दुप्पट झाली की वेळ आठपट,
असं फळ्यावर येतं.
प्रत्यक्ष मोजायला बसलं की दहाच्याही वर जातो.

मुलाणीकाका मार्चमध्ये निवृत्त झाले.
बातमी चहाच्या आधी तिसऱ्या मजल्यावर पोचली होती.
पेन्शनची फाईल अजून पहिल्यावर आहे.
कोणी अडवलेली नाही, कोणाचं वाकडं नाही,
एका सहीला दुसरी हवी, दुसरीला रजेवरून परतलेला कोणीतरी,
आणि त्याला एकोणीसशे चौऱ्याण्णवचा एक कागद,
ज्यावर नावात एक वेलांटी चुकली आहे.

ते कोंढव्याहून दोन बस बदलून येतात.
भट्टीच्या खोलीला कुलूप. नवी काच आता कॅटलॉगमधून येते.
बुधवारीही आले, वर माझ्याकडे चढले,
चष्मा कपाळावर सारून नळ्यांत डोकावले.

"दोन्ही सारख्याच घट्ट म्हणता?"
"छर्‍याला."
बराच वेळ त्या निळ्याकडे बघत राहिले.
"हा पोरगा सुटला म्हणायचा.
आम्ही पडलो एकतीस वर्षं लांब."
हसले. मग काचेवर नखाने टक् केलं,
सवयीने, कुठे तडा आहे का ते ऐकायला.

निळी कडा हलली.
माझ्या पाच दिवसांचं मोजमाप गेलं.
मी काहीच बोलले नाही.
स्टुलावरची वही बाजूला केली,
त्यांना बसायला सांगितलं,
आणि सुई धुवायला घेतली.